मोरपंखी की बदामी? रंग ठरवण्याची कृती

हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी मोरपंखी की बदामी यावरून घरात दोन तट पडलेत ना? पेंटरला अजून बोलावू नका. तीन-चार दिवस हाताशी ठेवा.

साहित्य: दोन्ही रंगांचे छोटे डबे, चार मोठे जाड पांढरे कार्डपेपर, दोन छोटे रोलर, मास्किंग टेप, पेन्सिल.

१. शेडकार्डवरचे दोन्ही कोड लिहून घ्या. नुसतं ‘मोरपंखी द्या’ म्हणालात, तर दुकानदार त्याच्या मनातला मोरपंखी देईल.

२. त्याच कोडचे सर्वांत लहान डबे आणा. भिंतीला मॅट लावणार असाल तर नमुनाही मॅटच हवा.

३. दोन-दोन कार्डपेपरांच्या मागे एकेक कोड लिहा.

४. डबे तळापासून ढवळा.

५. कागद अगदी कडेपर्यंत रंगवा. पांढरी चौकट सोडू नका, तिच्याशेजारी रंग उगाच गडद वाटतो. (थेट भिंतीवर पट्टा मारायचा मोहही आवरा, जुना रंग खालून डोकावतो.)

६. चार तास वाळू द्या, पावसाळ्यात रात्रभर. ओल्या रंगावर मत देऊ नका. वाळला की तो बदलतो.

७. दुसरा हात मारा. मोरपंखी एका हातात भरत नाही.

८. तोही पूर्ण वाळू द्या.

९. मोरपंखीचा एक कागद ठरलेल्या भिंतीवर आणि दुसरा खोलीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात चिकटवा. बदामी अजून लपवूनच ठेवा! दोन्ही एकदम दिसले की गडद आणखी गडद वाटतो, फिका आणखी फिका.

१०. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बघा. दर वेळी मनात आलेला पहिला शब्द टिपून ठेवा.

११. रात्री नेहमीचेच दिवे लावून बघा. इथेच खरी गंमत आहे: पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी हिरवटाकडे झुकतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली बदामीतली ऊब जाते.

१२. दुसऱ्या दिवशी त्याच जागी बदामी लावून हीच फेरी करा. जागा बदललीत तर तुलना फुकट.

१३. आता दोन्ही शेजारी लावा.

१४. सोफ्याची उशी आणि पडद्याचं टोक कागदांजवळ धरा. रंग बदलेल, सोफा राहणारच आहे.

१५. टिपणं वाचून निवडा. हॉलमध्ये घर रात्रीच जमत असेल, तर रात्रीचं मत वरचढ धरा.

१६. भिंतीला लागेल तेवढा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर मिसळून घ्या. मागाहून आणलेल्या डब्याची छटा जराशी हलू शकते.