धावत्या समालोचनाची वाक्यरचना

मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. क्रिकेटच्या समालोचकाला मात्र तेवढी उसंत नसते. 'मारला चेंडू, थेट सीमापार!' येथे क्रियापद पुढे आले, कर्ता अध्याहृत राहिला. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून घराघरांत पोहोचवलेल्या या मराठीतील विराम आणि स्वराची चढण कागदावर उतरत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणच हवे. रस हॉजेस यांचे १९५१ मधील गाजलेले अमेरिकी बेसबॉल-समालोचन टिकले, ते एका श्रोत्याच्या आईने घरी ध्वनिमुद्रित केल्यामुळे. आमच्या नेरकडे कबड्डीच्या सामन्यांत ध्वनिवर्धकावर असे बोलणारे असतातच. आपल्या गावचे समालोचन मोबाइलवर मुद्रित करा आणि १० वाक्यांतील क्रियापदाचे स्थान तपासा. वऱ्हाडी रूपे सुधारू नका. ऐकू येतील तशीच लिहा.