वाडीच्या विहिरीचे पाणी मचूळ का होते?

मुरुडच्या किनाऱ्यावरील नारळ-सुपारीच्या वाड्या विहिरींच्या गोड्या पाण्यावर जगतात. हे पाणी पावसाचे होय. समुद्राच्या पाण्याहून ते हलके असल्याने भूगर्भात खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर सपाटीखाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. उपशाने ही उंची १ फुटाने घटली, की खारे पाणी कालांतराने ४० फुटांपर्यंत वर चढू शकते.

रहाटाने पाणी बेताने निघे; पंपाने ते झपाट्याने उपसले जाते. शिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात येथील अनेक वाड्या आडव्या झाल्या. पुन्हा लावलेली सुपारी फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि नारळाइतका खारेपणा तिला सोसत नाही. म्हणून बागायतदार बंधूंनी पुढील काळजी घ्यावी :

१. पंप सलग न चालविता थांबून थांबून चालवावा.
२. पाणी आटले म्हणून विहीर अधिक खोल खणू नये.
३. पावसाळ्यात छपराचे पाणी गाळून जमिनीत मुरवावे.
४. आळ्यांत झावळ्यांचे आच्छादन करावे. शक्य तेथे ठिबक सिंचन वापरावे.
५. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

भर समुद्रातील जंजिरा किल्ल्यातही गोड्या पाण्याचे तलाव आहेत. आपल्या वाडीत पडणारा पाऊस आपणही असाच जपावा.