ट्रकची सर्व्हिसिंग आणि जॉबकार्ड

जव्हार-मोखाड्याच्या आपल्या ट्रकवाल्या बंधूंची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. सर्व्हिसिंगचे बिल भरून गाडी आणली आणि तोरंगण घाटात ती पुन्हा काळा धूर ओकू लागली. आमच्या गाडीचेही एकदा असेच झाले. बिलात नवा एअर फिल्टर लावलेला होता. उघडून पाहिला तर जुनाच, धुळीने गच्च भरलेला. पुरावा मात्र आमच्याकडे काहीच नव्हता. चूक आमचीच!

म्हणून गाडी देतानाच जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी: 'चढाला पिकअप नाही, काळा धूर मारते.' नुसत्या 'जनरल चेकअप'वर सही करू नये. किलोमीटरचा आकडा टाकून प्रत घ्यावी, काढलेले भाग मागावेत, आणि चढावर फेरी मारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

'ट्रक धंद्याचा, तुम्ही ग्राहक नाही,' असे ऐकवले जाते. पण लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले, की पोटासाठी स्वतः ट्रक चालवणारा ग्राहकच होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ही तरतूद आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. पगारी ड्रायव्हर ठेवून चार-पाच गाड्या फिरवणाऱ्यांना मात्र हा आधार मिळणे कठीण.