शहरावर लिहिण्याआधी

निर्मळ, ता. वसई

चि. मनूस,


सर्जनशील लेखनात एम.ए. करायचं, विषय शहरी जीवन घ्यायचा आणि जमलं तर परदेशात जायचं, असा तुझा बेत ताईने फोनवर सांगितला. लिहायला कॉलेज कशाला लागतं, असं ती विचारते. तुला कॉलेज कुठलं निवडावं एवढंच हवं आहे. मामाचा प्रश्न मात्र याच्या आधीचा आहे. ज्या शहरावर लिहिणार, ते चालतं कसं हे तुला ठाऊक आहे का?

अशा शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखन शिकवलं जातं. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने 1970 साली असं एम.ए. काढलं आणि इयन मॅक्युअन तिथला अगदी सुरुवातीचा विद्यार्थी. या वर्गांची रीत साधी आहे. तुझा खर्डा बाकीच्यांनी आधी वाचून यायचं, ते बोलत असताना तू तोंड मिटून ऐकायचं आणि घरी येऊन पुन्हा लिहायचं. आपल्याकडे मराठीच्या एम.ए.त समीक्षा, भाषाविज्ञान, वाङ्मयाचा इतिहास सगळं होतं, पण स्वतःची गोष्ट दहा जणांसमोर सोलून घ्यायची सोय फारशी नसते. ती सवय लागली तर फी वसूल झाली असं समज. मजकूर मात्र तुलाच न्यावा लागेल. दिलीप चित्रे 1975 ते 77 या काळात आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात होते, पण त्यांचा ‘कविता’ हा संग्रह 1960 मध्येच आलेला होता. ते रिकाम्या हाताने गेले नव्हते.

आपल्या भाषेत मुंबई ज्यांनी लिहिली, त्यांची यादी काढून बघ. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. भाऊ पाध्ये कामगार चळवळीतून आणि पत्रकारितेतून आले. ‘अधांतर’ नाटकात गिरणी संपानंतरचं घर उभं करणारे जयंत पवार गिरणगावातच वाढले. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. त्यांच्या ‘गोलपिठा’ला 1972 साली प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर त्यांच्यासोबत गोलपिठ्याच्या वस्तीत फिरले, कळत नव्हतं ते विचारून घेतलं. तेंडुलकर तेव्हा नामांकित नाटककार होते आणि ढसाळांचा तो पहिला संग्रह. तरी विचारायला त्यांना कमीपणा वाटला नाही. हे तू लक्षात ठेव.

आता आपल्याकडे ये. शहरी जीवन म्हटलं की तुला चर्चगेट आणि मरिन ड्राइव्ह दिसतं. पण 2011 च्या जनगणनेत बारा लाखांहून जास्त माणसं भरलेलं वसई-विरार शहर तुझ्या गॅलरीखाली आहे आणि मराठी कथेत ते फार थोडं आलं आहे. 

सुरुवात नळापासून कर. पूर्वी आपल्या गावांतल्या विहिरींवर टँकर भरून ते पाणी नव्या इमारतींना विकलं जायचं. विहिरी खाऱ्या होऊ लागल्या, लोक रस्त्यावर आले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. त्या आंदोलनाच्या पुढे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पाण्याचं राजकारण कळणं आणि चांगलं मराठी लिहिणं एकाच माणसाला जमलं, याचा हा घरचा दाखला. आज तुमच्या टाकीत सूर्या नदीचं पाणी येतं. त्या नदीवरचं धरण मुळात डोंगराकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होतं. पाणी शहरांकडे वळवण्याला तिथे विरोध झाला. नव्या योजनेत आपल्या महापालिकेचा वाटा रोजचा 185 दशलक्ष लिटरचा. तुझी नायिका सकाळी नळ सोडते तेव्हा ही सगळी माणसं गोष्टीत आलीच पाहिजेत असं नाही, पण लिहिणारीला ती माहीत हवीत.

मग जमीन. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीजवळच्या 41 इमारती 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. ती जागा कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. तिथे घर घेणाऱ्याने हप्ते भरले, वीजबिल भरलं, मुलांना शाळेत घातलं. त्याच्या रडण्यावर दोन पानं कोणीही लिहील. बनावट कागद कोणी केला, कोणी डोळे झाकले, दलालाने कमिशन किती घेतलं, हे ज्याला कळेल तो कादंबरी लिहील. म्हणून सातबारा आणि विकास आराखडा वाचायला शीक. तलाठ्याशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोल.

विरार लोकलच्या गर्दीवर मात्र एवढ्यात लिहू नकोस. वसईहून चर्चगेटला जाण्यासाठी आधी उलटं विरारला जाऊन जागा धरणारी माणसं पुष्कळांनी लिहून झाली. वालीव, सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांत बारा तास उभी राहणारी आणि त्या गाडीत कधी न चढणारी माणसं अजून कोणी धड लिहिलेली नाहीत. 

बोलीचंही सांगतो. कुपारी समाजातल्या आजीच्या तोंडी तिची कादोडी बोली येऊ दे, नालासोपाऱ्याच्या रिक्षावाल्याच्या तोंडी त्याची हिंदी. सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायला लावलंस तर शहर तिथेच संपलं.

राहिला पैशाचा प्रश्न. घर गहाण टाकून परदेशी जाऊ नकोस. शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा, नाही मिळाली तर मुंबई विद्यापीठात कलिन्याला मराठी एम.ए. कर, चार मैत्रिणी जमवून एकमेकींचे खर्डे निष्ठुरपणे तपासा, आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भर. पोटापुरती नोकरीही धर. वर दिलेल्या यादीतल्या एकालाही ती चुकली नाही आणि त्यांचं लेखन त्यामुळे अडलं नाही.

अर्ज भरण्याआधी एक काम कर. तुमच्या इमारतीचं पाणी, जमीन आणि कचरा यांवर वीस पानं लिहून मला पाठव. गोष्ट असो वा लेख, पण कळलेलंच लिही. त्यात दम असेल तर ताईला मी समजावीन. नसेल तर आणखी वर्षभर विचारत हिंड आणि मग अर्ज कर.

तुझा,
मामा