हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर हरिहरेश्वर हे क्षेत्र वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. येथे प्रथम काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे व पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेण्याची रीत आहे. दर्शनानंतर पुष्कळ यात्रेकरू प्रदक्षिणेस निघतात. आणि ही प्रदक्षिणा देवळाभोवतीची नसून समुद्रकाठच्या डोंगराभोवतीची आहे.

देवळामागच्या पायऱ्या चढून गेले की वाट कड्यांमधील अरुंद खिंडीतून एकदम खाली उतरते. दोन्ही बाजूंस काळे कातळ आणि समोर अथांग पाणी! खाली उतरल्यावर एका बाजूस लाटा व दुसऱ्या बाजूस कडा ठेवून कातळाच्या सपाट ओट्यावरून चालावे लागते. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य खळगे पडलेले दिसतात. हे कोणा शिल्पकाराचे काम नव्हे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढू लागतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात.

हा दगड आपल्या ओळखीचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर पसरले व त्यांपासून दख्खनचा काळा पाषाण घडला. बुलढाणा जिल्ह्यातील धाड या गावापासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तथापि धाडच्या शेतांतील काळी माती ही याच पाषाणाची झीज होय. एकाच दगडाचे कोठे कापसाचे रान झाले, तर कोठे लाटांचे पोळे.

परंतु ही रम्य वाट दिवसाचे सर्व प्रहर मोकळी नसते. भरती आली की ओट्यावर पाणी चढते, आणि एका बाजूस उभा कडा असल्याने माणसास पळावयास जागा उरत नाही. शेवाळाने निसरड्या झालेल्या कातळावर बेसावध उभे राहून येथे अनेकांनी प्राण गमावले आहेत. फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरील सेंट मालो या नगरीतही अशीच एक वाट आहे. शातोब्रियाँ या विख्यात लेखकाची समाधी तेथील ग्रँ बे नावाच्या बेटावर असून ओहोटीच्या वेळी तेथवर पायी जाता येते. तेथे मोठ्या उधाणास पाणी १२ मीटरांपर्यंत चढते. परतण्यास उशीर करणाऱ्यास पुढील ओहोटीपर्यंत बेटावरच बसून राहावे लागते. हरिहरेश्वरी बसून राहावयास बेटही नाही!

मग वेळ कशी जाणावी? कोकणातील दर्यावर्दी लोकांचा हिशेब अगदी सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीस चारांची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन व दुपारी तीन या भरतीच्या वेळा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणून त्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास कातळ उघडा असतो. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही उशिरा येते. पाऊणपटीचे मर्म ते हेच. धाडच्या घरात भिंतीवरील दिनदर्शिका पाहून एखाद्या मुलासही हे गणित करता येईल.

हा हिशेब स्थूल आहे, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे. तो मुंबईच्या आसपास जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून गावकऱ्यांस विचारूनच पाऊल टाकणे इष्ट. शिवाय पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगेची, म्हणजे लहान भरती असते. मुंबईस मोठ्या उधाणाचे पाणी साडेचार मीटरांहून वर जाते.

पावसाळ्यात तर तिथीचा काहीच उपयोग नाही. नैर्ऋत्येचा वारा सुटला की ओहोटीतही लाटा थेट कड्यावर आदळतात. त्या दिवसांत यात्रेकरूने देवदर्शन घ्यावे आणि प्रदक्षिणा हिवाळ्यावर ठेवावी.