मोबाइलमधली वही : जोप्लिन अ‍ॅप वापरायचं कसं आणि टिकवायचं कसं



बैठकीतलं, बँकेतलं, बाजारातलं बरंचसं आता आपण मोबाइलवरच टिपून ठेवतो. कुणी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप पाठवते, कुणी चिठ्ठीवर लिहून तिचा फोटो काढते. मग फोन बिघडतो, नातू गॅलरी साफ करतो किंवा सचिव बदलते, आणि सहा महिन्यांचं टिपण जातं. अशी टिपणं नीट ठेवायला वेगळी अ‍ॅप असतात. या पाठात त्यातल्या एकाची, जोप्लिनची, ओळख करून घेऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इतिवृत्ताची वही, बचत-कर्जाची खतावणी आणि सदस्यांची पासबुकं कागदावरच राहणार. सह्या आणि अंगठे तिथेच असतात. बँकेचे साहेब आणि लेखापरीक्षक तीच वही मागतात. मोबाइल ही आपली कच्ची वही.

पण कच्च्या वहीला कमी लेखू नका. पुण्यात शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, आपल्यासारखे गट तिथे स्टॉल लावतात. समजा तुमचा गट पापड, कुरडया आणि काळा मसाला घेऊन गेला. पहिल्या दिवशी काय संपलं, पाव किलोची पाकिटं गेली की अर्ध्या किलोची, गिऱ्हाईक तिखट कमी मागत होतं का, टेम्पोचं भाडं किती झालं, हे त्या त्या रात्री टिपलं तर पुढच्या वर्षी किती डाळ भरडायची ते अंदाजावर सोडावं लागत नाही. इतिवृत्तात यातलं काहीच येत नाही. तिथे फक्त ‘प्रदर्शनात सहभाग घेतला, नफा अमुक’ एवढंच येतं. गटाची खरी अक्कल या टिपणांत असते, म्हणून ती जपायची.

आता जोप्लिनविषयी. हे अ‍ॅप कुठल्या बड्या कंपनीने काढलेलं नाही. लॉरां कोझिक नावाच्या एका प्रोग्रामरने ते सुरू केलं आणि २०१७च्या सुमारास लोकांसमोर आणलं. (नाव परकं वाटतं ना? स्कॉट जोप्लिन नावाचा अमेरिकेतला जुना पियानोवादक आणि संगीतकार होता, त्याच्यावरून घेतलंय.) पुढे जगभरातले स्वयंसेवक त्याला हातभार लावू लागले. अ‍ॅप फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि रोजच्या लिहिण्याला नेट लागत नाही. डोंगरातल्या वाडीवर रेंज नसली तरी टिपण लिहिता येतं. त्याचा प्रोग्राम उघडा आहे, म्हणजे मसाल्याचं प्रमाण भिंतीवर सगळ्यांसमोर लिहून ठेवावं तसं. करणारी बाई उद्या थांबली तरी दुसरी कुणी तोच मसाला करू शकते.

तुम्ही म्हणाल, फुकट आहे तर चालतं कसं? काही लोक देणगी देतात. शिवाय टिपणं इंटरनेटवर साठवायची जोप्लिनची स्वतःची सेवा आहे, ती हवी असणारे तिचे पैसे भरतात. गावातल्या पिठाच्या गिरणीसारखंच हे. दळणाचे पैसे कुणीच दिले नाहीत तर पट्टा तुटल्यावर गिरणी बंदच राहते. कुठलंही फुकट अ‍ॅप घेताना ‘याची गिरणी कोणाच्या पैशावर चालते?’ असं विचारायची सवय लावा. उत्तर सापडलं नाही तर बहुतेक वेळा आपली माहिती हेच त्यांचं दळण असतं.

मोठं नाव असलं म्हणजे टिकेल, असंही नाही. एव्हरनोट हे टिपणाचं नावाजलेलं अ‍ॅप २००८मध्ये आलं आणि लाखो लोकांनी त्यात लिहिलं. पुढे ते इटलीतल्या एका कंपनीने विकत घेतलं, आणि डिसेंबर २०२३पासून फुकट वापरणाऱ्यांना फक्त ५० टिपणं आणि एकच वही अशी मर्यादा आली. वंडरलिस्ट नावाचं कामांच्या याद्यांचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये घेतलं आणि मे २०२०मध्ये बंद केलं. त्यात कुणाची चोरी नव्हती, मालकाने दुकान बंद केलं एवढंच. आपला माल मात्र त्याच्या दुकानात असतो.

हे आपल्याकडे नवीन नाही. मराठी संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्यातच झालं. १९८८मध्ये स्थापन झालेली सी-डॅक इथलीच, आणि श्री-लिपी काढणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्याचीच. त्यांच्यामुळे छापखान्यांत आणि कचेऱ्यांत मराठी सहज टाइप होऊ लागलं. पण त्या काळातल्या फाइली एका ठरावीक फॉन्टला बांधलेल्या असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. जुना ठराव किंवा प्रकल्प अहवाल उघडताना तुमच्यापैकी कुणी ना कुणी तो पाहिला असेल. आता मोबाइलवर आपण युनिकोड मराठी लिहितो, ते कुठेही उघडतं. जोप्लिन टिपणं साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढून देतं, त्यामुळे उद्या हे अ‍ॅप नाहीसं झालं तरी मजकूर दुसरीकडे वाचता येतो. हे अ‍ॅप पाठासाठी निवडण्याचं मुख्य कारण हेच. रंगरूप म्हणाल तर ते साधंच आहे.

वापरायला अवघड नाही. प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घ्या. आत ‘नोटबुक’ म्हणजे वही आणि ‘नोट’ म्हणजे पान. गटासाठी तीनच वह्या करा: बैठक, बाजार, बँक व योजना. जास्त वह्या केल्या की कशात काय लिहिलं ते शोधण्यातच वेळ जातो. पानाच्या नावात वर्ष आधी लिहा, मग महिना आणि तारीख, म्हणजे नावाप्रमाणे लावल्यावर पानं क्रमाने बसतात. बैठकीचं पान असं दिसेल:

२०२५-०६-१० बैठक. सदस्य १२, हजर १०. बचत प्रत्येकी १०० रुपये. गैरहजर दोघींपैकी एकीने पैसे पाठवले. जमा १,१०० रुपये, येणे १०० रुपये. शेळीसाठी ५,००० रुपये कर्जाची मागणी, शेकडा १ रुपया व्याज, निर्णय पुढच्या बैठकीत. बँकेत जाणार: अध्यक्ष व सचिव, मंगळवारी.

ज्यांना टाइप करायला जड जातं त्यांनी गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबून बोलावं. मजकूर बरा उतरतो. आकडे मात्र हातानेच घाला आणि दोघींनी वाचून बघा, कारण बोललेले आकडे चुकीचे उतरू शकतात. टिपणाला फोटोही जोडता येतो, बिलाची पावती तशी ठेवा. आधार क्रमांक, पिन, ओटीपी यातलं काहीही या वहीत लिहायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रत काढणं. काही जोडलं नसेल तर टिपणं फक्त त्या एका फोनमध्ये असतात. अ‍ॅप काढून टाकलं की तीही जातात. म्हणून गटाच्या नावाने वेगळा ई-मेल उघडा, त्यावर ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हचं फुकट खातं घ्या आणि जोप्लिनच्या सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन’मध्ये ते जोडा. सचिवाच्या स्वतःच्या ई-मेलवर हे करू नका. ती माहेरी गेली, रुसली किंवा पदावरून उतरली तरी वही गटाचीच राहायला हवी. ‘एन्क्रिप्शन’ म्हणजे कुलूप लावायची सोयही आहे. पण त्याचा पासवर्ड विसरला तर अ‍ॅप बनवणाराही ते उघडून देऊ शकत नाही. कुलूप लावणार असाल तर पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करा, त्यावर तिघींच्या सह्या घ्या आणि गटाच्या पेटीत ठेवा. हे जमणार नसेल तर कुलूप न लावलेलं बरं.

तिमाहीला एकदा साधी प्रतही काढा. त्यासाठी संघाच्या कार्यालयातल्या संगणकावर जोप्लिन घालून तुमचं खातं जोडायचं, टिपणं उतरली की ‘फाइल’मधून ‘एक्सपोर्ट ऑल’ निवडायचं आणि ‘एमडी’ हा प्रकार घ्यायचा. नाव विचित्र असलं तरी आत साधा मजकूरच असतो. तो पेनड्राइव्हवर घ्या आणि कार्यालयातून निघण्याआधी संगणकावरचं आपलं खातं काढायला विसरू नका. बाजारातल्या नेट कॅफेत हा उद्योग करू नका.

पदाधिकारी बदलताना इतिवृत्तात ठराव लिहा: ‘गटाचा ई-मेल, टिपणांच्या अ‍ॅपचा पासवर्ड आणि पेनड्राइव्ह मावळत्या सचिवांनी नव्या सचिवांच्या ताब्यात दिले. नव्या सचिवांनी सर्व सदस्यांसमोर आपल्या फोनवर मागच्या बैठकीचं टिपण उघडून दाखवलं.’ दुसरं वाक्य वगळू नका. ताबा दिला असं कागदावर लिहिणं सोपं असतं, आपल्याला उघडून पाहायचंय.

आणि गिरणीचं दळण? गटावर देणगीची सक्ती नाही. पण चूक दिसली तर ती अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळवणं हीही मदतच. या अ‍ॅपची भाषांतरं स्वयंसेवकच करतात. कुणाची मुलगी कॉलेजात संगणक शिकत असेल तर तिला मराठी भाषांतराचं सांगून बघा.

पुढच्या बैठकीसाठी अभ्यास: सचिवाचा फोन बाजूला ठेवा. दुसऱ्या एखाद्या सदस्याच्या फोनवर जोप्लिन घालून गटाचं खातं जोडा आणि मागच्या महिन्याचं पान उघडतं का ते पाहा. उघडलं नाही तर काय अडलं ते लिहून संघाच्या कार्यालयात आणा.