खेळाडूचा मुखत्यार

कोर्टकचेरीच्या कामीं मुखत्यार नेमतात, हें आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु चेंडू टोलविणाऱ्यास मुखत्यार कशाला हवा, अशी शंका विद्यार्थ्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. तिचें उत्तर एका इंग्रज खेळाडूच्या प्रवासी पेटींत सांपडतें.

डेनिस कॉम्प्टन हा मिडलसेक्सकडून क्रिकेट व आर्सेनलकडून फुटबॉल खेळे. १९४७ च्या एकाच हंगामांत त्यानें १८ शतकांसह ३,८१६ धावा काढल्या. कीर्तीबरोबर पत्रांचाहि पाऊस पडूं लागला. पण तीं उघडण्याचा या गड्याला मोठा कंटाळा. १९४८-४९ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांत रेग हेटर नांवाच्या वार्ताहरास न फोडलेल्या पत्रांनीं भरलेली त्याची पेटी दिसली. तींत एका वृत्तपत्राचें, लेखांबद्दल वर्षाला २,००० पौंड देऊं करणारें पत्र होतें. आणि उत्तर न आल्यामुळें तो देकार मागें घेतल्याचें त्याच वृत्तपत्राचें दुसरेंहि पत्र होतें, असें सांगतात! हेटरनें त्याची गांठ बॅगेनल हार्वे या प्रकाशनव्यवसायांतील गृहस्थाशीं घालून दिली. हार्वेनें पत्रव्यवहार हातीं घेतला, आणि पुढें ब्रिलक्रीम या केसांच्या मलमाच्या जाहिरातींत कॉम्प्टनचा चेहरा साऱ्या इंग्लंडला परिचित झाला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हार्वेची ही सारी घासाघीस मैदानाबाहेरची होती. त्या काळीं इंग्लंडांत फुटबॉलपटूच्या वेतनाला नियमानेंच मर्यादा असे. शेवटीं शेवटीं ती आठवड्याला २० पौंड होती. दर आधींच ठरलेला असेल, तर मुखत्यार बोलणार तरी काय? शिवाय करार संपला तरी खेळाडूस अडकवून ठेवण्याची मुभा क्लबास होती. जानेवारी १९६१ मध्यें वेतनाची मर्यादा गेली, आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड मिळवूं लागला. त्याचाहि मुखत्यार हार्वेच होता. १९६३ सालीं जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं खेळाडूस अडकवून ठेवण्याची ती पद्धत व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येणारी ठरविली. मात्र या दोन्ही लढ्यांचें श्रेय मुखत्यारांस देऊं नये. तें खेळाडूंच्या संघटनेचें आहे. तिनें दार उघडल्यावर मुखत्यार आंत आले.

त्यांची गरज मात्र खरी आहे. क्लबाचे चालक दरवर्षीं अनेक करार करितात; खेळाडू उभ्या आयुष्यांत चार-पांच. त्यांतून जो माणूस उद्यां आपणांस संघांत घेणार किंवा वगळणार, त्याच्याशींच पैशांसाठीं हुज्जत घालणें तरुण मुलास जड जातें. मुखत्यार तें काम दलाली घेऊन करितो. धोकाहि तेथेंच आहे. खेळाडूनें क्लब बदलला कीं दलाली नव्यानें मिळते, आणि कित्येकदां तीच व्यक्ति क्लबाकडूनहि पैसे घेते. मग ती कोणाच्या वतीनें बोलते? जागतिक फुटबॉल संघटनेनें २०१५ सालीं मुखत्यारांच्या परवान्याची अट काढून टाकली होती. २०२३ मध्यें तिला पुन्हां परवाना व परीक्षा सुरू करावी लागली.

हीच अडचण खेळाच्या नकलेंतहि उभी राहते. संगणकावर काल्पनिक संघांच्या साखळी स्पर्धा चालतात. तेथें सभासद हे संघांचे चालक, आणि खेळाडू म्हणजे केवळ कौशल्याचे आंकडे. त्यांस तोंड नसल्यामुळें चालक देईल तें वेतन ते मुकाट्यानें घेतील, आणि चतुर चालक सारे उत्तम खेळाडू स्वस्तांत गोळा करील. म्हणून कांहीं ठिकाणीं एखादा सभासद त्या आंकड्यांचा मुखत्यार होतो. वेतन किती, करार किती वर्षांचा, संघांत खेळावयास मिळेल कीं नुसतें बसून राहावें लागेल, हें पाहून तो देकार स्वीकारतो वा परत पाठवितो. ज्याचा स्वतःचा संघ त्याच खेळाडूवर बोली लावीत असेल, अशा सभासदाकडे हें काम अर्थातच देतां येत नाहीं.